ब्लॅकबेरीची जाळी

ब्लॅकबेरी हे गुलाबाच्या कुळातल्या रूबस या प्रजातीतले काटेरी झुडूप. युरोपात आणि पश्चिम आशियात, तसेच अटलांटिकपलीकडे उत्तर अमेरिकेत ते शेतांच्या कुंपणांत, रानाच्या कडेने, रेल्वेरुळांलगतच्या पडीक जागेत आपोआप वाढते. इंग्लंडात या झुडपाला ब्रॅम्बल म्हणतात. कोकणात करवंदाच्या जाळीला जे स्थान आहे, साधारण तेच तिकडच्या खेड्यांत ब्रॅम्बलला. ती कोणी लावत नाही, तिला कोणी पाणी घालत नाही. हंगाम आला की मात्र पोरेसोरे डबे-टोपल्या घेऊन तिच्यापाशी जातात आणि जांभळी बोटे व ओरबाडलेले हात घेऊन परततात. फरक आहे तो हंगामाचा. करवंद पिकते ते पावसाआधीच्या कडक उन्हात. ब्लॅकबेरी इंग्लंडात उन्हाळा सरताना, ऑगस्ट-सप्टेंबरात काळी होते.

नावामुळे आपल्याकडे थोडा गोंधळ होतो. जांभळाला इंग्रजी पुस्तकांत 'इंडियन ब्लॅकबेरी' म्हटलेले सापडते आणि तुती तर दिसायलाच ब्लॅकबेरीच्या जवळची. पण यांचे आपसांत काही नाते नाही. जांभूळ पेरू-लवंगेच्या कुळातले, तुती वड-फणसाच्या. ब्लॅकबेरीची सख्खी बहीण म्हणजे रासबेरी, आणि या दोघींना ओळखण्याची खूण अगदी सोपी आहे. रासबेरी तोडली की तिचा पांढरा गाभा झाडावरच राहतो आणि हातात येते ते टोपीसारखे पोकळ फळ. ब्लॅकबेरीचा गाभा फळाबरोबरच तुटून येतो, म्हणून ती आतून भरीव असते. रासबेरीचीही एक काळी जात आहे. तेव्हा रंगावर न जाता फळ उलटे करून पाहावे. वनस्पतिशास्त्राच्या भाषेत ब्लॅकबेरी ही 'बेरी' नाहीच. तिचा प्रत्येक टपोरा मणी म्हणजे आंब्यासारखे कोय असलेले एकेक स्वतंत्र अश्मगर्भी फळ. जॅम खाताना दाताखाली येतात त्या या कोयी. फुलात जितके स्त्रीकेसर फळतात तितके मणी भरतात. मधमाश्यांनी काम अर्धवट सोडले की फळ वेडेवाकडे होते.

हे झुडूप समजून घ्यायचे तर त्याच्या फोकांचे आयुष्य पाहिले पाहिजे. मूळ वर्षानुवर्षे जगते, पण जमिनीवरचा प्रत्येक फोक दोनच वर्षांचा धनी असतो. पहिल्या वर्षी तो नुसता वाढतो: हिरवा, रसरशीत, काट्यांनी भरलेला. हिवाळा काढल्यावर दुसऱ्या वर्षी त्याच्या डोळ्यांतून आखूड फांद्या फुटतात, त्यांना पांढरी-गुलाबी फुले येतात, फळे धरतात, आणि फळे उतरली की तो फोक वाळून जातो. तोवर त्याच्या बुडाशी पुढच्या वर्षीचे फोक उभे राहिलेले असतात. म्हणूनच कोणत्याही जाळीत एकाच वेळी वाढणारे, फळणारे आणि मेलेले असे तिन्ही फोक एकमेकांत गुंतलेले दिसतात.

दुसरी खोड फोकाच्या शेंड्यात आहे. लांब फोक स्वतःच्या भाराने कमानीसारखा वाकतो, त्याचा शेंडा जमिनीला टेकतो आणि पानगळीच्या सुमारास तिथे मुळे धरतो. पुढच्या वसंतात त्याच जागी नवे झुडूप उभे राहते आणि तेही आपली कमान टाकते. अशी पावले टाकत ब्लॅकबेरी अख्खे शेत ओलांडते. बियांचे काम पक्षी आणि कोल्हे करतात. त्यातही गंमत अशी, की युरोपातल्या बऱ्याच ब्रॅम्बलांचे बी फलन न होताच तयार होते आणि त्यातून उगवलेले रोप हुबेहूब आईसारखे निघते. त्यामुळे एखाद्या दरीत किंवा एखाद्या परगण्यात जन्मलेला बारीकसा फरक तसाच टिकून राहतो. एकट्या ब्रिटनमध्ये अशा तीनशेहून अधिक सूक्ष्म जाती नोंदल्या आहेत आणि फक्त त्या वेगळ्या ओळखण्याच्या विद्येला 'बॅटॉलॉजी' असे स्वतंत्र नाव आहे.

माणूस हे फळ फार पूर्वीपासून खात आला आहे. डेन्मार्कमधल्या हाराल्डस्केर येथे १८३५ मध्ये दलदलीत एका स्त्रीचे शव सापडले. ते इसवी सनापूर्वी पाचव्या शतकाच्या आसपासचे ठरले. दलदलीतल्या आम्लाने ते इतके टिकवले होते की तिच्या पोटातले अन्नही तपासता आले. त्यात भरडधान्याबरोबर ब्लॅकबेरीचे अवशेष होते. इतके जुने फळ, पण मुद्दाम लावून वाढवण्याची गरज कोणाला फारशी वाटली नाही. रानात हवे तेवढे मिळत होते. इंग्लंडच्या कायद्यातही या जुन्या वहिवाटीला जागा आहे. १९६८ च्या चोरीविषयक कायद्यानुसार आपोआप वाढलेल्या झाडाची फळे विक्रीसाठी नव्हे तर घरासाठी तोडली, तर ती चोरी धरली जात नाही. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस तर तिथल्या शाळकरी मुलांना खास वेळ काढून ब्लॅकबेरी वेचायला पाठवले होते. सैनिकांसाठी जॅम करायचा होता.

बागेतली ब्लॅकबेरी प्रामुख्याने अमेरिकेत घडली. कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझ गावी जेम्स लोगन नावाचे न्यायाधीश १८८० च्या दशकात आपल्या परसात ब्लॅकबेरीच्या वाणांचे संकर करू पाहत होते. शेजारीच रासबेरीही लावलेली होती. त्यांच्या नकळत मधमाश्यांनी दोहोंचा संकर घडवला आणि लांबट, लालसर, आंबट फळाची लोगनबेरी जन्माला आली. तिच्यासारख्याच संकरांतून पुढे बॉयझनबेरी आली. तिची कथा थोडी सविस्तर सांगण्याजोगी आहे. रूडॉल्फ बॉयझन यांनी ती तयार केली खरी, पण नाद सोडून देऊन शेत विकले. १९२० च्या दशकाच्या अखेरीस कृषी खात्याचे जॉर्ज डॅरो या मोठ्या फळाची वार्ता ऐकून ते शोधत आले. वॉल्टर नॉट या शेतकऱ्याला बरोबर घेऊन त्यांनी बॉयझन यांचे जुने शेत गाठले, तेव्हा तणात गाडलेली मोजकीच मरणपंथाला लागलेली झुडपे हाती लागली. नॉट यांनी ती आपल्या शेतात आणून जगवली आणि फळाला बॉयझन यांचेच नाव दिले. आज जगात जितकी बॉयझनबेरी पिकते, तिचे मूळ त्या चार काटक्यांत आहे.

याच काळातली दुसरी गोष्ट सुखाची नाही, आणि तिचा भारताशी नावापुरता संबंध आहे. प्रसिद्ध वनस्पतिप्रजनक ल्यूथर बरबँक यांच्याकडे भारतातल्या एका संग्राहकाकडून ब्लॅकबेरीचे बी आले. त्यांनी १८८५ मध्ये ते 'हिमालय जायंट' या नावाने बाजारात आणले. झुडूप मुळात हिमालयातले नव्हतेच. ते आर्मेनिया व उत्तर इराणकडचे. फळ मोठे, गोड आणि भरपूर, म्हणून लोकांनी हौसेने लावले. ओरेगन आणि वॉशिंग्टन राज्यांच्या दमट हवेत ते असे मातले, की आज नदीकाठच नदीकाठ त्याने गिळले आहेत आणि साफसफाईसाठी शेळ्यांचे कळप सोडावे लागतात. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि चिली या देशांतही युरोपियन वसाहतवाल्यांनी नेलेल्या ब्लॅकबेरीने हाच उच्छाद मांडला. चिलीत आणि नंतर ऑस्ट्रेलियात तिच्यावर तांबेरा पाडणारी बुरशी मुद्दाम सोडली गेली. आवडीचे फळ म्हणून परक्या मुलखात नेलेली वनस्पती किती महागात पडते, याचे याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण. फुकटच्या फळाकडे पाहून शेंड्यांकडे झालेले दुर्लक्ष त्या देशांना भोवले.

लागवडीचे नंतरचे काम काटे काढण्याचे आणि फोक ताठ करण्याचे. आर्कान्सा विद्यापीठात जेम्स मूर यांनी १९६४ मध्ये हा प्रकल्प सुरू केला. तिथून निघालेल्या वाणांना अमेरिकेतल्या मूळ रहिवासी जमातींची नावे आहेत: अपाची, नाव्हाहो, वॉशिटा, नॅचेझ. नाव्हाहो हा बिनकाटेरी आणि आधाराशिवाय बऱ्यापैकी उभा राहणारा वाण १९८० च्या दशकाच्या शेवटी आला. त्यापुढची मजल २००४ मधली: पहिल्याच वर्षाच्या फोकावर फळ देणारे वाण. दोन वर्षांचे जुने चक्र त्यांनी एका वर्षावर आणले. ओरेगनचा लाडका वाण मात्र वेलासारखा पसरणारा मॅरियन, १९५६ मधला. काट्यांचा, नाजूक, पण 'पाय' हा भाजलेला गोड पदार्थ आणि जॅम यांसाठी त्याच्या चवीला तोड नाही असे तिथले लोक मानतात. हिवाळ्यात अमेरिकेच्या दुकानांत मिळणारी फळे बहुतकरून मेक्सिकोच्या मिचोआकान राज्यातली असतात आणि तिथे प्रामुख्याने ब्राझीलमध्ये काढलेला तूपी हा वाण लावला जातो.

लागवडीला पाण्याचा निचरा होणारी, सेंद्रिय खताने भुसभुशीत केलेली, किंचित आम्लधर्मी जमीन लागते. सामू साडेपाच ते साडेसहा असला की उत्तम. पाणी साचणाऱ्या जमिनीत मुळे कुजतात. जिथे आदल्या वर्षी टोमॅटो, बटाटा किंवा वांगी होती ती जागा टाळतात, कारण मर रोगाची बुरशी मातीत राहिलेली असते. ताठ वाणांच्या दोन रोपांत सुमारे एक मीटर, पसरणाऱ्यांच्या दोन रोपांत त्याच्या दुप्पट-अडीचपट अंतर ठेवतात. ओळींच्या दोन्ही टोकांना खांब रोवून दोन तारा ओढतात आणि फोक त्यांना बांधतात. नवे रोप करायला काहीच कौशल्य लागत नाही. ऑगस्टच्या अखेरीस एक फोक वाकवून त्याचा शेंडा बोटभर खोल मातीत दाबायचा. आपल्याकडचे माळी गुटी कलमाशेजारी ज्याला दाब कलम म्हणतात, तेच हे. वसंतापर्यंत मुळे धरतात, मग आईपासून कापून घ्यायचे. जे ब्लॅकबेरी रानात आपण होऊन करते तेच बागेत हाताने.

सगळी कसोटी छाटणीत लागते. नवशिक्या माणसाचा हमखास होणारा घोटाळा म्हणजे हिवाळ्यात सगळेच फोक सपासप कापणे. मग पुढच्या वर्षी पाला भरपूर आणि फळ शून्य. खरे तर फळे देऊन झालेला फोकच बुडातून काढायचा. त्याची साल करडी, भेगाळलेली असते. नव्याची हिरवी किंवा लालसर. नवे चार-सहा जोमदार फोक ठेवून बाकीचे काढतात. ताठ वाणांत फोक कमरेच्या वर, मीटर-सव्वा मीटर झाला की त्याचा शेंडा खुडतात, म्हणजे बाजूने फांद्या फुटून फळधारणा वाढते. काढलेला पाला बागेत न ठेवता जाळतात, कारण रोग त्यावरच मुक्काम करतात. अलीकडच्या काळातली सर्वांत मोठी डोकेदुखी म्हणजे पूर्व आशियातून आलेली ठिपकेदार पंखांची फळमाशी. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर ती २००८ मध्ये कॅलिफोर्नियात आढळली. तिच्या जवळच्या नात्यातल्या बहुतेक माश्या सडक्या फळावर बसतात, ही पिकत्या फळाची साल चिरून आत अंडी घालते. त्यावर सोपा उपाय एकच: पिकलेले फळ एक दिवसही झाडावर न ठेवणे.

महाराष्ट्राच्या मैदानी भागात मात्र ही बाग जमणे अवघड. बहुतेक वाणांना सात अंशांखालची शेकडो तासांची थंडी मिळाल्याशिवाय डोळे फुटत नाहीत. रूबसच्या काही रानटी जाती सह्याद्रीच्या महाबळेश्वरासारख्या उंच, थंड भागात वाढतात आणि कुमाऊंच्या डोंगरांत पिवळ्या फळाचा हिसालू लोक आवडीने खातात. पण ही भावंडे रासबेरीच्या बाजूची.

फळ तोडण्यात एक बारकावा आहे. फळ काळे झाले म्हणजे पिकले असे नाही. चकचकीत काळे फळ अजून आंबट असते. त्याची चमक जाऊन ते किंचित मंद झाले आणि नुसत्या स्पर्शाने सुटून हातात आले, की खरे पिकले. केळी-आंब्यासारखी अढी घालून ते पिकत नाही. तोडले तिथेच त्याची गोडी थांबते. भर उन्हात तोडलेली किंवा धसमुसळेपणाने हाताळलेली फळे थंडीत ठेवली की काही काळे मणी पुन्हा लाल होतात. म्हणून सकाळच्या गारव्यात, उथळ भांड्यात, दोन-तीन थरांपेक्षा जास्त न रचता तोडणी करतात आणि खायच्या वेळेपर्यंत धूत नाहीत. एवढे सांभाळूनही घरात ती तीन-चार दिवसांपेक्षा जास्त टिकत नाही.

इंग्लंडात २९ सप्टेंबरच्या मायकेलमस सणानंतर ब्लॅकबेरी खायची नाही असा जुना दंडक आहे. त्या दिवशी सैतानाला स्वर्गातून खाली लोटले, तो ब्रॅम्बलवर पडला आणि संतापाने त्यावर थुंकला, अशी कथा सांगतात. दंडकामागे अनुभवही आहे. त्या सुमारास पाऊस आणि धुके वाढते, फळावर करडी बुरशी धरते, चव पाणचट होते.

शंभर ग्रॅम ताज्या फळांतून सुमारे ४३ किलोकॅलरी ऊर्जा, ५ ग्रॅमहून थोडे अधिक तंतू आणि २० मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व मिळते. काळा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा. जांभळाने जीभ रंगते तीही याच कुळातल्या द्रव्यांमुळे. ब्रिटिश घरांत ब्लॅकबेरीची जोडी सफरचंदाशी ठरलेली आहे. दोन्ही एकाच वेळी तयार होतात, आणि पायमध्ये किंवा वर मैदा-लोणी-साखरेचा चुरा पसरून भाजलेल्या क्रम्बलमध्ये सफरचंद गर देते तर ब्लॅकबेरी रंग आणि आंबटपणा. अमेरिकेच्या दक्षिणेत तिचा कॉबलर होतो: खोल भांड्यात साखर घातलेली फळे, वर जाडसर पीठ, आणि भाजताना कडांतून उकळून वर येणारा जांभळा पाक.

मात्र ब्लॅकबेरीची परीक्षा जेलीत होते. पूर्ण पिकलेल्या फळात पेक्टिन कमी असते, त्यामुळे पाक घट्ट बसत नाही. म्हणून अनुभवी बायका टोपलीत काही लाल, अर्धी कच्ची फळे मुद्दाम टाकतात, किंवा एखादे आंबट सफरचंद साली-बियांसकट चिरून घालतात. फळे थोड्या पाण्यात मऊ शिजवून मलमलच्या फडक्यात बांधतात आणि खुर्ची उलटी ठेवून तिच्या चार पायांना ते फडके अडकवतात. खाली पातेले. रात्रभर रस थेंबथेंब गळतो. फडके पिळायचा मोह आवरावा लागतो. पिळले की जेली गढूळ झालीच. सकाळी रस मोजून पेलाभर रसाला जवळजवळ पेलाभर साखर घालून मोठ्या आचेवर उकळतात. थर्मामीटर असेल तर १०५ अंश सेल्सिअस हा टप्पा. नसेल तर गार केलेल्या बशीत थेंब टाकून बोटाने ढकलून पाहतात. सायीसारखी सुरकुती पडली की उतरवायची. बाटलीत भरल्यावर उजेडासमोर धरली तर ती लालजर्द माणकासारखी दिसते, आणि तसे दिसण्यासाठीच ही सगळी रात्रभराची उठाठेव असते.

फळापेक्षा औषधी म्हणून पानाला आणि मुळाला अधिक मान मिळाला. पहिल्या शतकातला ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस याने ब्रॅम्बलचा काढा जुलाबावर आणि पाने चावणे हिरड्यांवर व तोंड आल्यावर सांगितले आहे. पुढची कित्येक शतके युरोपच्या घरगुती वैद्यकात हेच उपाय चालत आले. अमेरिकेत चेरोकी लोक मुळाचा काढा जुलाबावर देत. अमेरिकेच्या यादवी युद्धात छावण्यांमध्ये हगवणीने माणसे पटापट मरत होती आणि दक्षिणेची बंदरे रोखल्यामुळे औषधे येत नव्हती. तेव्हा शल्यवैद्य फ्रान्सिस पॉर्चर यांनी १८६३ मध्ये दक्षिणेतल्या उपयोगी वनस्पतींवर ग्रंथ काढला. त्यात ब्लॅकबेरीच्या मुळाचा स्तंभक म्हणून उल्लेख आहे. फळांचा रस साखर, दालचिनी, लवंग आणि ब्रँडी घालून आटवलेले 'ब्लॅकबेरी कॉर्डियल' तर घरोघरच्या फडताळात असे.

या उपायांमागचे कारण एकच: टॅनिन, म्हणजे जिभेला तुरटपणा आणणारे द्रव्य. ते प्रथिनांशी बांधले जाऊन आतड्याच्या, हिरडीच्या वरच्या थराला आवळून धरते, त्यामुळे पाझर कमी होतो. आपल्या आजीबाईच्या बटव्यातली डाळिंबाची साल आणि जांभळीची साल हेच काम करतात. जर्मनीत वनौषधींची छाननी करणाऱ्या 'कमिशन ई'ने ब्लॅकबेरीचे पान साध्या, अचानक लागलेल्या जुलाबावर आणि तोंड-घशाच्या सौम्य दाहावर मान्य केले. मूळ मात्र मान्य केले नाही. वाळलेल्या पानांवर उकळते पाणी ओतून दहा मिनिटे झाकून ठेवलेला चहा प्यायला आणि गुळण्यांना वापरतात. मर्यादाही तितकीच ठाम आहे. तुरट काढा जुलाब आवरील, पण शरीरातून गेलेले पाणी आणि क्षार तो भरून देत नाही. लहान मूल असो वा म्हातारे माणूस, साखर-मिठाचे पाणी आधी. ताप असेल, शौचात रक्त असेल किंवा दोन दिवसांत उतार पडला नाही तर काढा बाजूला ठेवून डॉक्टरच गाठावा.

पोटात न घ्यायचा एक उपचारही होता. फोकाने वाकून शेंड्याने मूळ धरले, की दोन्ही टोकांनी रुजलेली एक जिवंत कमान तयार होते. इंग्लंड आणि वेल्समध्ये डांग्या खोकला किंवा मुडदूस झालेल्या मुलाला अशा कमानीखालून सरपटत न्यायचे. कुठे तीनदा, कुठे नऊदा. कॉर्नवॉलमध्ये अंगावर गळवे उठलेली मोठी माणसेही तिच्याखालून जात. दुखणे काट्यांना अडकून मागे राहते अशी समजूत होती. बागवान शरदात जी कमान पाहिली की लगेच कापून टाकतो, ती गावातल्या आया अशा वेळी मुद्दाम शोधून ठेवत, आणि तिचा शेंडा पक्का रुजला आहे ना, हे आधी ओढून पाहत.